मार्स सोसायटी पोरांना मंगळावर नेऊन सोडत नाही हो!

ज्यांच्या ग्रुपवर अजून आला नसेल त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात सांगतो. ‘पालकहो सावधान! अमेरिकेत इलॉन मस्कची मार्स सोसायटी नावाची संस्था आहे, ती कॉलेजच्या पोरांकडून पैसे घेऊन मंगळावर वन-वे नेण्यासाठी नावं नोंदवते, परत यायची सोय नाही, कंपनीचं दिवाळं निघालंय तरी भरती चालूच आहे, युटाच्या वाळवंटात पोरांना डबड्यात कोंडून ठेवतात, आणि नासाचे मंगळाचे फोटो ह्याच संस्थेच्या कॅनडातल्या बेटावर काढलेत, पुरावा म्हणून फोटोतला उंदीर बघा.’ मग तीन तिरंगे आणि ‘मंगळयान झिंदाबाद’.

एरवी मी असले मेसेज न वाचता पुढे सरकतो. पण हा आमच्या आत्याने टाकला, आणि तिची मुलगी कॉलेजच्या रोव्हर टीममध्ये, म्हणजे मंगळावर फिरवतात तसली गाडी बनवणाऱ्या गटात आहे. वर्षभर ती गाडीच्या यांत्रिक हातावर काम करतेय, स्क्रू पकडणं, स्विच दाबणं, ह्यात तिच्या कित्येक रात्री गेल्यात. स्पर्धा युटात, ती भरवते हीच मार्स सोसायटी. आणि आता आत्याने पासपोर्ट लॉकरमध्ये टाकलाय. म्हणून हा एवढा खटाटोप.

सगळ्यात आधी ते वन-वे प्रकरण, कारण घरात रडारड त्याच्यावरून झालीये. मेसेज लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या संस्थांची खिचडी केलीये. वन-वेवाली होती मार्स वन, नेदरलँड्समधल्या बास लान्सडॉर्पची, २०१२ मध्ये जाहीर झालेली. माणसं मंगळावर पाठवायची, परत आणायची नाहीत, आणि खर्च बराचसा टीव्ही शोमधून काढायचा असा तो बेत. अर्जाला फी होती. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांनी शंभर जणांची यादी काढली, त्यात तीन भारतीय होते, आपल्याकडच्या पेपरांनी तेव्हा त्यांचे फोटो छापले, ‘मंगळावर जाणार’ वगैरे. कुणी कुठे गेलं नाही. २०१९ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या कोर्टाने त्यांची कंपनी दिवाळखोर ठरवली. त्याच्या कितीतरी आधी, २०१४ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी मार्स वनचा प्लॅन आकडेमोड करून तपासला होता आणि तो पेपर खरंच वाचण्यासारखा आहे. त्यांचं म्हणणं, खायला लागणारं सगळं पीक राहत्या जागेतच घेतलं तर त्या झाडांमुळे ऑक्सिजन इतका वाढेल की आगीचा धोका, तो कमी करायला हवा बाहेर सोडत राहावी लागेल, त्यात साठवलेला नायट्रोजन संपेल, दाब पडेल आणि साधारण ६८ व्या दिवशी पहिला माणूस गुदमरेल. म्हणजे भाजी उगवून माणूस मरणार! तेव्हा आत्या, तुझी भीती खोटी नाही, फक्त पत्ता चुकलाय, आणि ज्याच्याबद्दल आहे ते दुकान कधीच बंद झालंय.

मार्स सोसायटी ही १९९८ च्या ऑगस्टमध्ये कोलोराडोतल्या बोल्डरला सुरू झालेली हौशी स्वयंसेवकांची संस्था. संस्थापक रॉबर्ट झुब्रिन, इंजिनियर. ह्या माणसाची ओळखच मुळी परतीच्या गाडीमुळे आहे. १९९० मध्ये मार्टिन मॅरिएटा कंपनीत असताना त्याने डेव्हिड बेकरबरोबर ‘मार्स डायरेक्ट’ नावाचा प्लॅन मांडला, त्यात माणसांच्या आधी परतीचं यान रिकाम्या टाकीने मंगळावर पाठवायचं, सोबत फक्त ६ टन हायड्रोजन, आणि तिथल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरून शंभर टनांवर मिथेन आणि ऑक्सिजन तिथेच बनवायचा. टाकी भरली अशी खात्री झाली की मगच माणसांनी पृथ्वी सोडायची. परतीचं तिकीट आधी, मग प्रवास! हे कागदावरचंच आहे, मान्य, पण कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन काढायचा छोटा प्रयोग नासाच्या मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर मॉक्सी नावाच्या यंत्राने खरंच झाला, २०२३ पर्यंत मिळून १२२ ग्रॅम. म्हणजे अगदीच हवेतल्या गप्पा नाहीत. दूरच्या भविष्यात लोकांनी तिथे कायमचं राहावं असं ह्या संस्थेला वाटतं हे खरं, ते लपवतही नाहीत. पण ह्यांच्याकडे रॉकेट नाही, यान नाही, ते कुणालाही कुठेही पाठवू शकत नाहीत. ह्यांची धाव लेख, अधिवेशनं, सरकारकडे पाठपुरावा आणि सरावाच्या दोन जागा, एवढीच.

त्यातली एक जागा म्हणजे ते ‘डबडं’. युटात हँक्सव्हिल म्हणून दोनशेही डोकी नसलेलं गाव आहे, त्याच्या जवळ लाल मातीत आठ मीटर व्यासाचं दोन मजली गोल घर, २००१ पासून. सहासात जण जातात, बहुतेक दोनेक आठवड्यांसाठी, तेही आपणहून अर्ज करून. बाहेर जायचं तर खोटा स्पेससूट, हेल्मेट, आणि खोट्या एअरलॉकमध्ये (आतल्या आणि बाहेरच्या दारामधली हवाबंद खोली) काही मिनिटं नुसतं उभं राहायचं, बाहेर साधी हवा असली तरी! जेवण बरंचसं सुकवलेलं, पाणी मोजून. हसू येईल, पण दस्ताने घालून दगड उचलताना काय काय हातातून सुटतं आणि आठव्या दिवशी कोण कुणावर डाफरतं हे खुर्चीत बसून कळत नाही. पैसे घेतात का? घेतात. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, राहणाऱ्यांना फी भरावी लागते, मला ती जास्तच वाटते. पण कोंडून वगैरे काही नाही, दार उघडलं की पार्किंग.

आणि आमची मुलगी त्या घरात राहायला जातच नाहीये! ती जातेय युनिव्हर्सिटी रोव्हर चॅलेंजला, २००७ पासून चालू असलेली स्पर्धा, त्याच परिसरात. वाळवंटात पोरांनी बनवलेली पन्नास किलोपर्यंतची गाडी चालवायची, सामान पोचवायचं, यंत्राची खुडबुड करायची, मातीत जिवाच्या खुणा शोधायच्या, आणि चालवणाऱ्याने गाडीकडे बघायचं नाही, फक्त स्क्रीनवर. आयआयटी मुंबईची टीम ह्यात उतरत आलीये. आत्याला आयआयटी म्हटलं की पटतं म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता उंदीर. मला सगळ्यात मजा ह्यात आली. कॅनडाच्या उत्तरेला डेव्हन नावाचं निर्मनुष्य बेट आहे, तिथे उल्का आदळून झालेल्या हॉटन विवराजवळ सोसायटीचं दुसरं ठाणं आहे, २००० सालचं, इथपर्यंत खरं. तेव्हा विमानातून पॅराशूटने टाकलेलं काही सामान थेट जमिनीवर आपटलं, घराचे मजले आणि क्रेन कामातून गेले, तरी स्वयंसेवकांनी मिळेल त्या सामानावर घर उभं केलं. असं घर बांधणारे लोक जगभर खोटा मंगळ दाखवतायत म्हणे! नासाची क्युरिऑसिटी गाडी २०१२ च्या ऑगस्टपासून मंगळावरून दरवर्षी बाराही महिने फोटो पाठवतेय. डेव्हन आहे ७५ अंश उत्तरेला. उन्हाळाभर तिथे सूर्य मावळत नाही, हिवाळ्यात उगवत नाही, आणि मधल्या काळात जेव्हा उगवतो-मावळतो तेव्हा बहुतेक काळ सगळं बर्फाखाली. क्युरिऑसिटीने २०१५ च्या एप्रिलमध्ये कोरड्या दगडांमागे निळसर सूर्यास्त टिपला, एप्रिलमध्ये डेव्हनला असा कोरडा दगड दाखवा, मी जेवण देतो. २०१३ मध्ये तिने सूर्यासमोरून मंगळाचा बटाट्यासारखा वाकडा चंद्र फोबोस जाताना टिपला, तो चंद्र कॅनडातून कसा दिसला? गंमत म्हणजे त्याच फोबोसचा फोटो आपल्या मंगळयानानेही काढलाय. एकाच मेसेजात मंगळयान झिंदाबाद आणि मंगळाचे फोटो खोटे, हे दोन्ही कसं काय जमवलं? आणि तो उंदीर दगड आहे. लाल गोल काढला की आमच्या ओट्यावरच्या डागातही गणपती दिसतो.

मस्कचं एका वाक्यात: संस्था १९९८ ची, मस्कची रॉकेट कंपनी स्पेसएक्स २००२ ची, मध्ये २००१ ला त्याने संस्थेला एक लाख डॉलर दिले आणि तिथल्या लोकांमध्ये वावरला, म्हणून संस्था त्याची होत नाही. उलट झुब्रिन अलीकडे त्याच्यावर जाहीर टीका करतो.

मार्स सोसायटीला धारेवर धरायचंच असेल तर खरा मुद्दा घ्या ना. क्युरिऑसिटी जाताना वाटेत तिच्यावरच्या यंत्राने रेडिएशन मोजलं, त्यावरून जाण्यायेण्याच्या प्रवासातच माणसाला साधारण ०.६६ सीव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या रेडिएशनचं माप) बसेल असा हिशोब २०१३ मध्ये आला. झुब्रिन म्हणतो हा धोका पत्करण्यासारखा आहे, मला तो फार सहज बोलतो असं वाटतं, आणि युटातल्या घरात ह्याची परीक्षा होऊच शकत नाही, तिथे हवा पृथ्वीची, वजन पृथ्वीचं. ह्यावर मेसेज बनवा, मी स्वतः ग्रुपवर टाकतो. तोवर आत्या, पासपोर्ट बाहेर काढ, पोरीला व्हिसाच्या मुलाखतीला लागणार आहे.