पीळ, टेप आणि लिव्हरचा कनेक्टर : दांडियाबाजारच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

क्रिंपिंगचे (वायरच्या टोकावर धातूची नळी दाबून बसवायचे) हत्यार हाताशी नसेल तर घरातली वायर कशाने जोडावी, या माझ्या लेखात मी लिव्हरचा कनेक्टर सुचवला होता, म्हणजे वायर आत घालून छोटी दांडी दाबली की तिला पकडणारी प्लॅस्टिकची डबी. त्यावर तुम्ही मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. तुम्ही बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे तिथल्या तंत्रशाळेत शिकलात, आयुष्यभर तिथल्या वाड्यांत आणि पोळांत (जुन्या गल्ल्यांत) वायरिंग केलेत आणि पीळ मारून टेप लावलेला तुमचा एकही जोड जळला नाही. लिव्हरच्या कनेक्टरमध्ये वायर नुसती एका पत्र्याला टेकते, स्प्रिंग थकली की खेळ खलास, असे तुमचे म्हणणे. शिवाय एका कनेक्टरच्या पैशात टेपचे अख्खे रीळ येते. आणि शेवटचा, सगळ्यात कडक मुद्दा : असले लेख वाचून ज्याला टेस्टर धरता येत नाही तोही लाइनला हात घालेल.

तुमचे जोड जळले नाहीत, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ते का टिकले, हे जरा आकड्यांत बघू. त्या वाड्यांत जोडांवर भार होता दिव्यांचा आणि पंख्यांचा. 75 वॅटचा पंखा 230 व्होल्टवर अँपिअरचा जेमतेम तिसरा हिस्सा ओढतो. आज त्याच वाड्यात मोरीच्या माळ्यावर 2 किलोवॅटचा गीझर बसला आहे आणि तो पावणेनऊ अँपिअर ओढतो. जोडात मुरणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे तोच जोड, तोच पीळ, पण उष्णता सुमारे 700 पट. जोडात 0.1 ओहमचा अडथळा तयार झाला असेल तर पंख्याच्या लाइनवर तो वॅटच्या शंभराव्या भागाइतका तापेल, कोणाला कळणारही नाही. गीझरच्या लाइनवर तिथे साडेसात वॅट उष्णता तयार होईल, टेपच्या आत, बंद डबीत, रोज सकाळी. टेपचा चिकटा आधी वितळतो, मग टेप सुटते, मग इन्सुलेशन कडक होऊन तडकते.

आणि हे कोणी थांबवत नाही. एमसीबीला, म्हणजे जास्त करंट आला की पडणाऱ्या खटक्याला, दिसतात तेच पावणेनऊ अँपिअर, ती कशाला पडेल? करंटची गळती नाही, त्यामुळे गळती पकडणारी आरसीसीबीही गप्प. ढिल्या जोडाला पकडणारे कोणतेही साधन आपल्या नेहमीच्या डीबीत (मेनजवळच्या वितरण पेटीत) नसते. म्हणून जोड हा विषय मला इतका महत्त्वाचा वाटतो आणि म्हणूनच तो लेख लिहिला.

आता पिळाकडे येतो. पिळलेल्या जोडात तांबे तांब्याला दाबून धरते ते स्वतःच्या ताठरपणावर. घरगुती वायरचे तांबे मुद्दाम मऊ केलेले असते, वाकवले की तसेच राहते, उलटून दाब देत नाही. भार आला की ते फुगते, गेला की आकसते. हजारो वेळा असे झाले की दोन तारांमध्ये सूक्ष्म फट पडते, तिथे ऑक्साइड धरतो, अडथळा वाढतो, तो आणखी तापतो. तुमच्या पिढीला हे माहीत होते. म्हणूनच शिकवताना मॅरीड किंवा ब्रिटानिया जोड (तारा गुंफून किंवा वरून बारीक तार गुंडाळून करायचे जुने जोड) नुसता पिळून सोडत नसत, त्यावर सोल्डर ओतत आणि मग टेप चढवत. पुढे घाईच्या कामात सोल्डर गळाले आणि पीळ व टेप एवढेच उरले. आज जी पद्धत ‘जुनी आणि भरवशाची’ म्हणून चालते, ती त्या जुन्या पद्धतीचा अर्धा भाग आहे.

स्प्रिंगबद्दल तुमचा जो समज आहे तो फार जणांचा असतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. लिव्हरच्या कनेक्टरमध्ये करंट स्प्रिंगमधून जात नाही. आत कथिल चढवलेली तांब्याची पट्टी असते, करंट तिच्यातून जातो. स्प्रिंग वेगळ्या पोलादाची असते आणि तिचे काम एकच, वायरला त्या पट्टीवर दाबून धरणे. तांबे आकसले तर स्प्रिंग त्याच्या मागे जाते, फुगले तर मागे सरते. मऊ तांब्याला जे जमत नाही तेच काम इथे स्प्रिंगकडे दिले आहे. जर्मनीतल्या मिंडेनची वागो कंपनी 1951 पासून हीच गोष्ट करते आहे आणि तिचा केज क्लॅम्प हा स्प्रिंगचा पकडा 1977 साली आला, म्हणजे हा काल-परवाचा खेळ नव्हे. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या कारखान्यांत कोणतेही मशीनचे पॅनेल उघडा, रेलवर स्प्रिंगचे टर्मिनल ब्लॉक दिसतील. तिथे मशीन दिवसभर थरथरते, स्क्रू अशा ठिकाणी हळूहळू सैल होतो.

मात्र स्क्रू नको म्हणून कोणताही बिनस्क्रूचा कनेक्टर चालेल असे नाही, आणि इथे तुमचा राग मला पटतो. बाजारात दोन जाती शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. एकात वायर नुसती ढकलायची असते, लिव्हर नसते. ही जात मुख्यतः एकतारी, कडक वायरसाठी आहे. आपल्याकडे आज भिंतीत जाते ती जवळजवळ सगळी मल्टीस्ट्रँड, म्हणजे अनेक बारीक तारांची. तिचे बारीक तंतू ढकलले की वाकतात, निम्मे आत जातात, निम्मे बाहेर राहतात आणि ओढून बघितली तर हातात येते. तुम्ही ज्याचा जळका फोटो पाठवलात तो याच जातीचा आहे आणि त्यात मल्टीस्ट्रँड वायर स्पष्ट दिसते. आपल्या घरांसाठी लिव्हरवालाच घ्यावा. वागोचा 221 घेतला तर 4 एमएमपर्यंतची (म्हणजे 4 चौरस मिलिमीटर छेदाची) मल्टीस्ट्रँड चालते आणि तुमच्या काळातली तीन-बावीसही (22 गेजच्या तीन तारांची वायर) त्यात नीट बसते. वायरचे इन्सुलेशन 11 मिलिमीटर सोलायचे, कनेक्टरच्या अंगावरच माप छापलेले असते. कमी सोलले तर लिव्हर इन्सुलेशनवर दाबते आणि वरून सगळे छान दिसते. अंग पारदर्शक आहे ते याचसाठी, तांबे शेवटपर्यंत पोचले का ते डोळ्यांनी बघा. मग प्रत्येक वायर एकेकटी ओढून बघा. पिळावर टेप चढली की आत काय आहे ते लावणाऱ्यालाच ठाऊक, आणि दहा वर्षांनी तो माणूस शिडीवर नसतो. कनेक्टर मला हवा आहे तो प्रामुख्याने यासाठी, की तुमच्यासारखा हात नसलेल्या माणसाचा जोडही दुसऱ्या कोणाला तपासता यावा.

कनेक्टरवर 32 अँपिअर लिहिले आहे म्हणून 1.5 एमएमची वायर 32 अँपिअर वाहणार नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. भार वायरने ठरतो.

पांढरी कनेक्टर पट्टी तुम्ही सुचवलीत. दिव्याच्या, बेलच्या लाइनला ठीक आहे. पण तिचा स्क्रू सरळ तंतूंवर फिरतो आणि काही तंतू कापतो. टोकाला फेरूल (तंतू एकत्र धरणारी धातूची नळी) लावावे तर तेच क्रिंपिंग आले, जे आपल्याला टाळायचे होते. आणि कृपा करून त्या टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली देऊ नका, ही सवय अजून खूप जणांना आहे. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरते, स्क्रू तसाच राहतो आणि खालून पकड जाते. पीळ पक्का करायला सोल्डर उत्तम, स्क्रूखाली वाईट. चिनी मातीचा कनेक्टर उष्णता सोसतो हे खरे, पण त्यातही स्क्रूच आहे. गीझरला माझे मत असे की मध्ये जोडच नको, डीबीतून सलग वायर 16 अँपिअरच्या सॉकेटपर्यंत न्यावी.

पैशांचा मुद्दा. घरात असे जोड असतात किती? लूपिंग (मध्ये न तोडता वायर एका टर्मिनलवरून पुढच्याला नेणे) नीट केलेले असेल तर सगळे जोड खटक्याच्या किंवा होल्डरच्या टर्मिनलवरच होतात आणि मधल्या डब्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात. तेवढ्यांसाठी टेपच्या रिळाशी तुलना करणे मला योग्य वाटत नाही. उलट स्वस्त नकलांबद्दल तुम्ही जे लिहिलेत ते मी दुप्पट जोराने म्हणेन. दिसायला हुबेहूब, पण आतली पट्टी पातळ आणि लिव्हर दोनदा उघडली की लुळी. बिल देणाऱ्या औद्योगिक विक्रेत्याकडूनच घ्या. अंगावर व्होल्ट, अँपिअर, वायरचे माप आणि सोलण्याचे माप उठावात नसेल तर परत करा.

आता लोकांना लाइनला हात घालायला लावण्याबद्दल. नियम तुमच्या बाजूचे आहेत. घरातले वायरिंग वाढवणे, बदलणे, दुरुस्त करणे हे परवानाधारक कंत्राटदाराचे काम आहे. त्याच नियमात दिवे, पंखे, फ्यूज, खटके बदलण्याला सूट आहे, आणि लोक ते बदलतातच, तुम्ही-आम्ही लिहिले काय, न लिहिले काय. पंखा बदलताना छतातल्या डब्यात दोन वायर जोडाव्या लागतात आणि नेमक्या तिथेच मान वर करून, एका हाताने, घामाघूम होऊन मारलेला पीळ मी पाहतो. मेन बंद करून, टेस्टर आधी चालू लाइनवर तपासून मग त्या वायरवर लावून, लिव्हर कनेक्टर लावणाऱ्या माणसाबद्दल मला कमी काळजी वाटते. भिंत फोडायची, डीबी उघडायची वेळ आली की तुम्हालाच बोलवावे, यात दुमत नाही.

दोन ठिकाणी मात्र मी लिव्हर कनेक्टरही नको म्हणेन. एक, जुन्या वाड्यातली अ‍ॅल्युमिनियमची वायर. तिच्यावर ऑक्साइड क्षणात धरतो, तांब्याशी ओल्यात जोडली तर ती झिजते. उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिलेला कनेक्टर आणि त्याची पेस्ट असेल तरच, नाहीतर ती लाइन बदलाच. दुसरे, पाणी. हे कनेक्टर पाण्यापासून काहीच संरक्षण देत नाहीत. अगाशीवर, अंगणात जेल भरलेली डबी लागते. ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांनी बुडालेले कनेक्टर वाळवून परत वापरू नयेत, मग ते कोणत्याही कंपनीचे असोत. आतला गाळ निघत नाही. त्या भिंतींतल्या डब्या अजून कोणी उघडून बघितल्या नसतील तर हिवाळ्यात गीझर सुरू होण्याआधी उघडा, बुडालेले कनेक्टर काढून नवे लावा, आणि पिळाचे जोड सापडले तर तेही त्याच वेळी कापून टाका.