सळया बुडवून दाखवणाऱ्याकडून आरओ घेऊ नका, आधी पाणी तपासून घ्या

उन्हाळा लागला की आपल्याकडं आरओ, म्हणजे पाणी दाबानं बारीक पडद्यातून (मेम्ब्रेनमधून) गाळून क्षार काढणारा वॉटर फिल्टर, विकणारे गल्लोगल्ली फिरायला लागतात. सोबत एक छोटी पेटी, तिला चार सळया आणि दोन ग्लास. एका ग्लासात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या मशीनचं. पेटीची वायर प्लगात घातली की अर्ध्या-एक मिनिटात नळाचं पाणी पिवळट पडतं, मग तांबूस होतं, मग त्यात काळपट-हिरवा गाळ तरंगायला लागतो. मशीनच्या पाण्यात जवळजवळ काहीच होत नाही. "बघा ताई, हे तुम्ही लेकरांना पाजता." ज्या घरात लहान लेकरू आहे तिथला माणूस हे बघून घाबरतो आणि हप्त्यावर का होईना, पंधरा-अठरा हजारांच्या मशीनला हो म्हणतो.

ही सरळ फसवणूक आहे. तो गाळ तुमच्या पाण्यात आधीपासून नसतो, तो सळयांचा असतो. चारपैकी दोन सळया लोखंडाच्या आणि दोन ॲल्युमिनियमच्या असतात. पाण्यातून वीज गेली की लोखंडाची सळई झिजते आणि तेच लोखंड गाळ होऊन ग्लासात उतरतं. वीज जायला पाण्यात विरघळलेले क्षार लागतात. नळाच्या पाण्यात ते असतात, आरओच्या पाण्यात फारच थोडे उरतात, म्हणून तिथं सळई शाबूत राहते. खात्री करायची असेल तर विकणाऱ्याला म्हणा, तुमच्याच मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि परत सळया बुडवा. तोच रंग येईल, बहुधा आणखी गडद. आणि हा खेळ चालू असताना लेकरांना लांब ठेवा, त्या सळयांमध्ये घरातल्या प्लगची वीज असते.

मी आरओच्या विरोधात नाही. मराठवाड्यात कित्येक ठिकाणी त्याच्याशिवाय भागत नाही. पण कोणतं मशीन घ्यायचं हे पाण्याच्या तपासणीवर ठरलं पाहिजे, सळयांवर किंवा टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या, आकड्यावर नाही.

टीडीएस मीटर म्हणजे ती पेनासारखी दीड-दोनशे रुपयांची वस्तू. पाण्यातून वीज किती सहज जाते ते ती मोजते आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, मीठ, नायट्रेट, सगळे एकाच आकड्यात गोळा. त्यात विषारी किती आणि उपयोगाचं किती हे मीटरला कळत नाही, आणि जंतू तर त्याला दिसतच नाहीत. गटाराचं पाणी शिरलेल्या नळावर मीटर २५० दाखवू शकतो. हापशाचं ९०० दाखवणारं पाणी जंतूंच्या बाबतीत स्वच्छ असू शकतं. "टीडीएस ५० च्या आत पाहिजे" असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांना आधार नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० हे ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत टीडीएस चांगला मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की जिथं टीडीएस ५०० च्या आत आहे तिथं आरओला बंदी घाला. विकायला येणारे हे कधीच सांगत नाहीत.

आता आपल्या भागातलं पाणी बघा. शहरात जायकवाडी, विष्णुपुरी किंवा मांजरा धरणातून येणाऱ्या पाण्याची खरी अडचण क्षारांची नसते. नळ चार-चार, आठ-आठ दिवसांनी येतो, ही अडचण आहे. मधल्या दिवसांत पाइपलाइन रिकामी पडते. गळक्या जोडाशेजारून गटार जात असेल तर ते पाणी आत झिरपतं, आणि नळ आला की लोक थेट नळाला मोटार लावतात तेव्हा तर ते आत ओढलंच जातं. पुढं तेच पाणी आठवडाभर हौदात राहतं, तोवर क्लोरीन उडून गेलेलं असतं. हा जंतूंचा प्रश्न आहे. त्याला यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) किंवा यूएफ (बारीक छिद्रांच्या पडद्यातून जंतू गाळणारा) फिल्टर पुरतो, आणि दोन्हीत पाणी वाया जात नाही. यूव्हीला लाईट लागते आणि पाणी गढूळ असेल तर किरण जंतूंपर्यंत पोचत नाहीत, म्हणून आधी गाळणी चांगली पाहिजे. दिव्याचं आयुष्य साधारण वर्षभराचं, नंतर तो निळा दिसत राहिला तरी जोर कमी झालेला असतो. जिथं लाईटचा भरवसा नाही तिथं बिनलाइटीचा यूएफ फिल्टर बरा. काहीच घेणं होत नसेल तर पाणी गाळून खळखळून एक मिनिट उकळा.

बोअरचं आणि विहिरीचं गणित वेगळं. आपल्याकडचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा, पाणी जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरा थर बसतो. हा वैताग आहे, पण नुसता जडपणा म्हणजे विष नाही. मानकात त्याची मर्यादा २०० (हे आणि पुढचे आकडेही मिलिग्रॅम प्रति लिटरचेच), आणि पर्याय नसेल तर ६००. काळजी करायची ती नायट्रेटची. शेतातला युरिया, उकिरडा, संडासाचा शोषखड्डा यातून तो बोअरमध्ये उतरतो. चव बदलत नाही, वास येत नाही. मर्यादा ४५, तिच्यावर कोणतीही सवलत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडू शकतं. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळं वाढतो. नांदेडच्या किनवट भागात फ्लोराईडचा त्रास आहे. त्याची मर्यादा १, जास्तीत जास्त १.५. नायट्रेट किंवा फ्लोराईड जास्त निघाला, किंवा टीडीएस हजारावर असला, तर आरओ जरूर घ्या.

हे कळायला प्रयोगशाळा लागते आणि ती लांब नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, माफक फी भरून पाणी तपासून मिळतं. बोअर आधी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, पाइपमधलं साचलेलं पाणी जाऊ द्या. रासायनिक तपासणीला लिटरभराची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीन वेळा विसळून काठोकाठ भरा. जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली आणायची. ती विसळायची नाही, झाकणाच्या आतून बोट लावायचं नाही, वर थोडी जागा सोडायची, आणि बर्फात ठेवून होईल तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत पोचवायची. उन्हात गाडीच्या डिकीतून दुपारभर फिरवलेल्या नमुन्याचा अहवाल कामाचा नसतो. रसायनांची तपासणी उन्हाळ्यात पाणी खोल गेल्यावर एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करा, आकडे बरेच बदलतात.

आरओ घेतलाच तर एक स्क्रू नीट ओळखून ठेवा. बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो. मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणी तो शुद्ध पाण्यात मिसळतो, चव यावी म्हणून. "पाणी फिक्कं लागतंय" म्हटलं की मेकॅनिक तो उघडून देतो. समजा बोअरला नायट्रेट ९० आहे आणि मेम्ब्रेननं तो १० वर आणला. अर्धंअर्धं मिसळलं की झाला ५०, म्हणजे मर्यादेच्या वर. ज्या कामासाठी मशीन घेतलं तेच वाया गेलं. नायट्रेट किंवा फ्लोराईड असलेल्या पाण्यावर हा स्क्रू पूर्ण बंदच पाहिजे. मेम्ब्रेन संपलं का हे बघायलाही तो बंद करूनच टीडीएस मोजा. आत १००० असेल तर बाहेर १०० च्या आसपास ठीक, २०० च्या वर गेला तर मेम्ब्रेन बदला. या एका कामाला टीडीएस मीटर खरंच उपयोगी आहे, म्हणून तो स्वतःचा ठेवा, मेकॅनिकचा आकडा मानू नका. अल्कलाइन आणि कॉपरच्या नावाखाली दोन-तीन हजार जास्त देऊ नका. पोटातल्या आम्लापुढं पाण्याचा अल्कलीपणा टिकत नाही.

आणि वाया जाणारं पाणी. याबद्दल आपल्या भागात तरी गप्प बसता येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. घरगुती मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागं साधारण तीन लिटर सोडून देतं. पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज वीस लिटर धरा, साठ लिटर मोरीत जातं. वर्षाला जवळजवळ बावीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर उरतं. तुमचं मशीन किती सोडतं ते मोजायला वेळ लागत नाही: दोन्ही नळ्यांखाली मापाचं भांडं धरून पाच मिनिटं थांबा.

ते पाणी पिऊ नका, ते जास्त खारं असतं आणि बोअरला नायट्रेट-फ्लोराईड असेल तर तेही त्यात वाढलेले असतात, पण वापरायला ते चालतं. हिशेब करा: १००० टीडीएसचं चार लिटर पाणी आत गेलं, ८० चं एक लिटर बाहेर आलं, तर उरलेल्या तिन्हीत क्षार साधारण १३०० पडतात. फरशी, संडास, खरकट्या भांड्यांचा पहिला हात, गाडीची चाकं, सगळ्याला चालतं. कूलरमध्ये टाकू नका, जाळीवर पांढरं मीठ धरतं. कुंडीतल्या तुळशीला रोज घातलं तर मातीत क्षार साठून पानांच्या कडा करपतात. नळीला पाव इंची पाइप जोडून मशीनच्या खालच्या पातळीला ठेवलेल्या ड्रमात सोडा. पाणी वाचवायला म्हणून ती नळी चिमटून बांधणारे लोक आहेत, तसं करू नका. जड पाणी मेम्ब्रेनमध्येच तुंबतं, त्यावर थर बसतो आणि दीड-दोन हजारांचं मेम्ब्रेन काही महिन्यांत जातं. जड पाण्याला मेम्ब्रेनच्या आधी अँटीस्केलंट (असा थर बसू न देणारं औषध) बसवून घ्या.

घरच्या मशीनबद्दल इतकं बोलतो, पण निम्म्या गावाचं पिणं आज थंड जारवर आणि फिल्टरच्या प्लांटवर आहे. लग्न असो की दहावा, जार आलेच. थंड पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. आरओच्या आधी कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, नाहीतर मेम्ब्रेन खराब होतं. म्हणजे पुढच्या टाकीत आणि जारमध्ये जंतू मारणारं काहीच उरत नाही. जार नुसता विसळून परत भरला तर आतल्या बुळबुळीत थरात जंतू वाढत राहतात. जारवाल्याला विचारा, जार कशानं धुता, टाकी शेवटची कधी धुतली. ग्रामपंचायतीचा प्लांट असेल तर ग्रामसभेत तीन गोष्टी मागा: कच्च्या आणि शुद्ध पाण्याचा अहवाल तारखेसह प्लांटच्या भिंतीवर लावा, तीन महिन्यांनी नवा लावा, आणि प्लांटमधून सुटणारं पाणी नालीत न सोडता वापरायच्या पाण्याची वेगळी टाकी बांधून तिच्यात घ्या.