स्मार्ट बोर्ड आला, पण नंबरप्लेट कोण वाचणार?

आज दुपारी पालकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज. 'मुलं पळवणारी टोळी आपल्या तालुक्यात आली आहे, साधूच्या वेशात फिरतात, जास्तीत जास्त लोकांना पाठवा.' खाली व्हिडिओ. मी विचारलं, कुठला आहे, कधीचा आहे? तर चांगल्या शिकलेल्या एका पालकांचं उत्तर, "मॅडम, खोटा असला तरी सावध राहण्यात नुकसान काय?"

नुकसान काय? राईनपाडा विसरलात? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. आमच्या मंगळवेढ्याकडून पोटासाठी तिकडे गेलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारून टाकलं. मोबाईलवरच्या अफवांनी लोक आधीच बिथरलेले होते. त्याच वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. मोटरसायकलवाले शेवटी मुलाला परत आणून सोडतात, नेमका तेवढाच भाग कुणीतरी कापून टाकला आणि उरलेला व्हिडिओ पुढे ढकलला.

आणि शाळेत 'डिजिटल साक्षरता' म्हणून आपण काय शिकवतो? सीपीयू म्हणजे संगणकाचा मेंदू. फाइल सेव्ह कशी करायची. स्मार्ट बोर्ड बसला की फीत कापायची, फोटो काढायचे, झालं!

गेल्या वर्षी मी आठवीच्या वर्गात असाच एक व्हिडिओ आवाज बंद करून दाखवला. गर्दी एका बाईला घेरते, एवढाच तुकडा. म्हटलं, दिसतंय तेवढंच सांगा, वाटतंय ते नको. तरी सगळ्यांचं एकच, "बाई, ती पोरं पळवणारी आहे." मग मागच्या बाकावरची एक मुलगी बोलली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, कारखान्याच्या रस्त्यावर एमएच आणि केएच्या गाड्या बघत वाढलेली, वर्गात एरवी तोंड न उघडणारी. "बाई, मागच्या ट्रकचा नंबर आपल्याकडचा नाही." डब्ल्यूबी होता, म्हणजे पश्चिम बंगालचा. मग पोरं सुटलीच. कुणाला दुकानाची पाटी बंगालीत दिसली, कुणाला लोकांच्या अंगातले स्वेटर. आमच्याकडे तेव्हा मार्च, पंख्याखालीही घाम.

त्या मुलीच्या घरी कॉम्प्युटर नाही. पण तिने जे केलं ते ग्रुपवरच्या एकाही पदवीधराला आज सुचलं नाही.

मान्य, शिक्षकांच्या मागे सर्वेक्षणं, निवडणुका, ऑनलाइन माहिती भरणं लागलेलंच आहे. पण यासाठी नवा विषय कुठे हवाय? मराठीच्या तासाला एकच बातमी तीन वर्तमानपत्रांतून वाचा, मथळे शेजारी शेजारी ठेवा. गणितात आलेख आला की उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते बघायला लावा. केरळच्या कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्येच सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखायचे तास सुरू झाले होते. कलेक्टरांनी मनावर घेतलं, म्हणून झालं. आपल्याकडे कुणी मनावर घ्यायचं?

एआयच्या व्हिडिओत नंबरप्लेटही हवी तशी टाकता येते, हेही खरं. म्हणूनच नुसतं निरखून भागणार नाही. व्हिडिओ सोडून बाहेर पडायचं. पहिल्यांदा कुणी टाकला, हीच बातमी आणखी कुठे आहे का, पोलिसांनी काही सांगितलंय का, हे शोधायचं. त्याच मुलीने पुढे 'मोफत लॅपटॉप'वाली लिंक मला आणून दाखवली, घरच्यांनी आधार नंबर भरायच्या आत. पत्त्यात शेवटी जीओव्ही डॉट इन नाही, हे तिनेच हेरलं होतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. मेसेज पुढे पाठवणारी आई वाईट नसते. तिची पोर वस्तीवरून एकटी चालत शाळेत येते, ती घाबरलेली असते. तिला हसू नका, ग्रुपवर तिचा पाणउतारा तर मुळीच करू नका. पण तिची भीती कुणाच्या जिवावर उठू शकते, हे तिच्या पोरीला शाळेतच कळायला हवं, आणि ते शिकवणं आमचं काम आहे.

सोमवारपासून सातवी-आठवीला दर आठवड्याला एक तास यासाठी काढते आहे. तुमच्या ग्रुपवरचे असे जुने मेसेज, फोटो, व्हिडिओ मला पाठवा. नावं आणि नंबर काढून टाका, मारहाणीचे नकोत. तुम्ही स्वतः शिक्षक असाल तर वर्गात काय करून बघितलंत, तेही खाली लिहा.