सरकारी वकिलांना त्रास कसा देऊ नये

तुमच्या घरी चोरी झाली असेल, बांधावरून शेजाऱ्यानं डोकं फोडलं असेल किंवा भिशीवाला सगळ्या गल्लीचे पैसे घेऊन पसार झाला असेल आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला असेल, तर आधी तुमचं अभिनंदन. तुमचं काम संपलं. मार तुम्ही खाल्लात, पण कोर्टाच्या बोर्डावर खटला लागेल तो ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक’ या नावानं. शासनातर्फे सरकारी वकील उभे राहतील. तुम्ही राहिलात साक्षीदार. साक्षीदारानं समन्स येईपर्यंत घरी बसावं आणि सरकारी वकिलांना उगाच त्रास देऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती मोडणारे थोडेफार लोक अलीकडे दिसू लागलेत, म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट, तुमच्या खटल्यातले सरकारी वकील कोण, हे कळून घेऊ नका. कळणं फार सोपं आहे, म्हणूनच जपायला हवं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता असतात. ते लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेले असतात आणि अभियोग संचालनालयाच्या, म्हणजे फौजदारी खटले चालवणाऱ्या सरकारी खात्याच्या, हाताखाली काम करतात. सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहकारी असतात. ते वकिली करणाऱ्यांतूनच शासनानं ठरावीक मुदतीसाठी नेमलेले असतात, त्यामुळे वरचं सरकार बदललं की खालच्या खुर्च्याही हलतात. दोघांची कार्यालयं बहुतेक कोर्टाच्या आवारातच सापडतात. गेटजवळच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं तर तो बोट करून दाखवतो. तेव्हा झेरॉक्सवाल्याला विचारू नका.

जायचंच असेल तर चुकीच्या कामाला जा. सरकारी वकील म्हणजे सरकारनं जनतेला दिलेला फुकटचा वकील, अशी समजूत मनात पक्की ठेवा आणि भावानं सातबाऱ्यावरून नाव कसं काढलं ते त्यांना पहिल्यापासून ऐकवा. घटस्फोटाचे कागद न्या. पोटगीचा हिशेब न्या. ते म्हणतील, हे आमचं काम नाही, याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन केला तरी चालतो. हे ऐकून न घेता तरातरा बाहेर या आणि ‘सरकारी माणसं अशीच’ असं म्हणत घर गाठा. एकदा चुकीच्या कामाला जाऊन परत आलेला माणूस बरोबर कामाला पुन्हा जात नाही. व्यवस्थेवरचा केवढा भार त्यानं हलका होतो!

पोलीस फिर्यादच घेत नसतील, तरी सरकारी वकिलांकडेच जा आणि ‘साहेब, जरा ठाण्यात फोन करा’ म्हणा. तपास करणं किंवा पोलिसांना तपासाचे आदेश देणं आपल्याकडे त्यांच्या अखत्यारीत नाही. उलट महाराष्ट्रातल्या सहायक अभियोक्त्यांना पोलीस खात्याच्या ताब्यातून बाहेर काढा, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९५ साली एस. बी. शहाणे खटल्यात सांगावं लागलं होतं. फिर्याद घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, हा कायद्याचा रस्ता. तो भलताच सरळ असल्यानं आपल्या कामाचा नाही. आपण ओळखीचा नगरसेवक शोधू.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं, आणि तेही मोबाइलवरून कळवलं तरी चालेल, असं तिच्यात लिहिलं आहे. तुम्ही हवालदारांना रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचा सुप्रभात पाठवत राहा, तपासाचं मात्र विचारू नका. याच संहितेनं अभियोग संचालनालयातल्या साहेबांनाही कामं वाटून दिली आहेत. सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या खटल्यांवर सहायक संचालकांनी लक्ष ठेवायचं, सात ते दहाच्या मधल्यांचे पोलीस अहवाल उपसंचालकांनी तपासायचे आणि त्या खटल्यांवर लक्षही ठेवायचं, आणि दहा वर्षं व त्यावरच्या खटल्यांवर खुद्द संचालकांनी लक्ष ठेवायचं. म्हणजे तुमचा खटला रेंगाळला तर दाद कुणाकडे मागायची, हे आता कागदावर आहे. कागदावरच राहू द्या.

मग येतो जामीन. आरोपीनं अर्ज केला की कोर्ट सरकार पक्षाचं म्हणणं मागतं. कोर्टातल्या भाषेत सरकारी वकिलांनी ‘से’ द्यायचा. आरोपीचा भाऊ काल रात्री तुमच्या दारात येऊन काय बोलून गेला, हे त्या कागदात यायला हवं असेल तर ते आधी कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही ते पानटपरीवर सांगा. सोसायटीच्या ग्रुपवर टाका. तपासी अंमलदाराला लेखी देऊ नका, सरकारी वकिलांना तर मुळीच नको. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात जामिनाच्या वेळी पीडिताचं म्हणणं ऐकून घेणं कलम १५ अ प्रमाणे त्याचा हक्क आहे, त्याची नोटीस आली तर ती घड्या घालून देवाच्या फोटोमागे ठेवा. आरोपी सुटून आला, चौकात त्याच्या नावाचे फटाके वाजले, की मग ‘पैसे चारले असणार’ असं ठामपणे सांगायला तुम्ही मोकळे.

आता मुख्य भाग, साक्ष. गुन्हा घडून वर्षं लोटलेली असतात. समन्स येतं. तुमच्या फिर्यादीची प्रत तुम्हाला गुन्हा नोंदवला त्याच दिवशी फुकट मिळालेली असते, मिळाली नसेल तर मागण्याचा हक्क असतो. ती वाचू नका. सरकारी वकिलांना आदल्या दिवशी भेटू नका. साक्षीच्या दिवशीही अगदी पुकारा व्हायच्या बेतात, जिन्यावर, त्यांच्या एका हातात पाच फाइली आणि दुसऱ्या हातात फोन असताना गाठा. ते विचारतील, ‘तुम्हीच का ते फिर्यादी? बरं. जे घडलं ते सांगा.’ संपली भेट. दोष एकट्या त्यांचा नाही. बोर्डावर आज त्यांचे किती खटले आहेत ते भिंतीवर लावलेलं असतं, वाचून बघा. पण त्यांना आधी गाठलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? काय बोलायचं ते सांगितलं नसतं, सांगूही नये, त्याला पढवणं म्हणतात आणि तसं दिसलं तर साक्षच मातीत जाते. उभं कुठे राहायचं, प्रश्न कळला नाही तर परत विचारायचा, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणायचं, उलटतपासात आवाज चढला तरी आपला चढवायचा नाही, एवढं मात्र सांगितलं असतं. एवढ्यासाठी कोण हेलपाटा घालतो.

सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांनी विचारलेले प्रश्न, बरा जातो. उलटतपासात आरोपीचे वकील हळूच विचारतात, ‘आज साक्ष देण्यापूर्वी तुम्ही सरकारी वकिलांना भेटलात का?’ इथे घाबरा. वकिलांना भेटणं म्हणजे काहीतरी पाप असणार, अशा चेहऱ्यानं ‘नाही’ म्हणा. जिन्यावर भेटताना आरोपीचे वकील तिथेच पाणी पीत उभे होते, हे विसरा. ‘हो, भेटलो, जे घडलं ते सांगा म्हणाले’ असं खरं उत्तर दिलंत तर विषय तिथेच संपतो आणि समोरच्यांचा विरस होतो. खोटं ‘नाही’ मात्र पुढच्या सगळ्या खऱ्यावर पाणी फिरवायला पुरतं. त्यानंतर घटनेच्या रात्री लाइट होती का, तुम्ही उजवीकडे होता की डावीकडे, शर्ट निळा की राखाडी, यातलं जे आठवत नाही तेही ठासून सांगा. शेवटी ‘तुम्ही जुन्या वैरातून खोटी फिर्याद दिली’ असं विचारलं जाईल. ‘हे म्हणणं खरं नाही’ एवढंच म्हणायचं असतं. तुम्ही वैराचा सगळा इतिहास सांगा, आजोबांपासून.

पंच असाल तर काम आणखी सोपं. तुम्हाला चहाच्या गाड्यावरून उचलून नेलं होतं. तेव्हा ‘पोलिसांनी सही करायला सांगितली, मी केली, पंचनामा वाचला नाही’ हे पाठ केलेलं वाक्य म्हणा. सरकारी वकील तुम्हाला फितूर ठरवून तुमचाच उलटतपास घेतील, तुम्ही प्रत्येक प्रश्नाला मान हलवा, आणि दुपारच्या एसटीनं गावी परता. जाता जाता साक्षीदाराचा भत्ता मिळतो का, हे विचारायलाही विसरा.

धमकी येत असेल तर गोष्ट वेगळी, असं कुणी म्हणेल. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं महेंद्र चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. त्या योजनेप्रमाणे जिल्ह्यात समिती असते. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, जिल्ह्याचे पोलीसप्रमुख सदस्य, आणि सदस्य सचिव कोण, तर जिल्ह्याच्या सरकारी अभियोगाचे प्रमुख. अर्ज त्यांच्याकडेच द्यायचा. धोका किती आहे याचा पोलीस अहवाल पाच कामाच्या दिवसांत यायला हवा. म्हणजे ज्या खोलीत जायचं नाही असं आपण ठरवलं, तिथेच हा अर्ज घेतात. केवढी पंचाईत! त्यापेक्षा साक्ष फिरवणं सोयीचं. गुजरात दंगलीतल्या वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात २००३ मध्ये साक्षीदार फिरले आणि सगळे आरोपी सुटले. सरकारी वकील जणू बचावाचंच काम करत होते, असं सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं, २००४ मध्ये फेरखटला महाराष्ट्रात पाठवला गेला आणि २००६ मध्ये मुंबईत नऊ जणांना जन्मठेप झाली. मात्र सारखे जबाब बदलल्याबद्दल मुख्य साक्षीदार स्त्रीलाही वर्षभराची कैद झाली. हे उदाहरण साक्ष फिरवायला सांगणाऱ्या पुढाऱ्याला ऐकवू नका, त्यांना वाईट वाटेल.

खाजगी वकील द्यायचाच असेल, तर तो सरकारी वकिलांशी भांडायला द्या. पीडिताला आपला वकील मदतीला देण्याची तरतूद २००९ पासून अमलात आहे. त्यानं सरकारी वकिलांच्या सांगण्याप्रमाणे काम करायचं, पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीनं लेखी युक्तिवाद द्यायचा, असं ते आहे. ही बारीक, बिनगाजावाजाची मदत आपल्या स्वभावात बसत नाही. आपल्याला मोर्चा हवा. मोर्चाच्या निवेदनात दोन मागण्या ठरलेल्या असतात: खटला फास्ट ट्रॅक कोर्टात आणि विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम. निकमांनी चालवलेल्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यातल्या कसाबनं तुरुंगात बिर्याणी मागितलीच नव्हती, ते आपणच रचलं होतं, असं निकमांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं. पण आपल्या स्मरणात खटल्यातला पुरावा नाही, बिर्याणीच आहे. मोर्चातला एकही माणूस पुढच्या तारखेला कोर्टात नसतो, आणि तालुक्याच्या कोर्टात त्याच दिवशी त्याच तऱ्हेचे खटले बिनमोर्चाचे सुनावणीला येतात.

आंदोलनात तुमच्या दुकानाच्या काचा फुटल्या असतील, तर आणखी संयम बाळगा. राजकीय आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय अधूनमधून निघतात. मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकील देतात, पण कोर्टाची संमती लागते. केरळ विधानसभेत २०१५ मध्ये आमदारांनी केलेल्या मोडतोडीचा खटला मागे घेऊ द्यायला सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये नकार दिला. आणि आता नव्या संहितेच्या कलम ३६० प्रमाणे पीडिताला ऐकल्याशिवाय अशी संमतीच देता येत नाही. म्हणजे काचवाल्याला बोलावणं येऊ शकतं. त्या दिवशी दुकान उघडं ठेवा, गिऱ्हाईक महत्त्वाचं.

चोरीची मोटारसायकल सापडून ठाण्यासमोर उभी असेल, तर तिच्यावर वेल चढू द्या. मुद्देमाल पंधरा दिवस, फार तर महिनाभर ठेवावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं आहे. कोर्टात साधा अर्ज केला की सरकारी वकिलांचा से येतो आणि बहुतेक वेळा गाडी हमीपत्रावर मिळते. पण मग ठाण्याची शोभा काय राहील?

एवढं सगळं पाळलंत तर आरोपी निर्दोष सुटेल. अपील करावं का, याबद्दल सरकारी वकील वर अभिप्राय पाठवतील आणि तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईल. पीडिताला स्वतःही अपील करता येतं, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, हे २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली खटल्यात ठरलं आहे. तुम्ही मात्र निकालाची प्रत काढू नका. प्रत हातात आली की वाचावी लागते, आणि तिच्यात कुठेतरी लिहिलेलं असतं की फिर्यादीनं आपण सरकारी वकिलांना भेटलो नाही असं खोटं सांगितलं, सबब त्या साक्षीवर विसंबता येत नाही.