गावाला मान्यता मिळवायचीय? मग हे वाचाच

तुमचं गाव अमेरिकेतल्या ॲपलेशियन ट्रेलच्या काठावर असेल तर निम्मं काम झालंच म्हणायचं. जॉर्जिया ते मेन, १४ राज्यं, साधारण ३५०० किलोमीटर चालायची वाट, १९३७ सालीच पूर्ण झाली, तेव्हापासून लोक तुमच्या गावातून जातायत, खातायत, झोपतायत, पण ते सगळं अनऑफिशियल हो. ट्रेल सांभाळणारी संस्था २०१० पासून अशा गावांना ‘ट्रेलचं गाव’ म्हणून रीतसर मान्यता देते, तर लागा कामाला.

पहिली गोष्ट म्हणजे कमिटी. तीत हायकर चुकूनही घेऊ नका, तो पहिल्याच मीटिंगला विचारेल कपडे धुवायची सोय कुठेय, आंघोळ कुठे करायची. मग वर्षातून एखादा कार्यक्रम, शाळेत ट्रेलवर काहीतरी उपक्रम, आणि जमीन वापराच्या नियमांत ट्रेल जपण्याची तरतूद. सगळंच करावं लागत नाही, टेन्शन नको. ती तरतूद तेवढी टाळा, उद्या कुणाला डोंगरावर बंगले बांधायचे झाले तर नसती आडकाठी. कार्यक्रम घ्या, त्यात फोटो तरी निघतात.

व्हर्जिनियातल्या डमॅस्कसचा आदर्श मात्र ठेवू नका. हजारभरसुद्धा वस्ती नाही त्या गावाची, आणि यांनी १९८७ पासूनच हायकर्सची जत्रा भरवायला सुरुवात केली, ना सर्टिफिकेट ना फीत, काय ही घाई!

पोस्ट ऑफिसच्या वेळा बदलायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. हायकर लोक पुढच्या टप्प्याचं खाणं पार्सलने स्वतःलाच पाठवून ठेवतात, म्हणजे शनिवारी संध्याकाळी पोचलेला माणूस पार्सलसाठी सोमवारपर्यंत तुमच्याच गावात अडकला, दोन रात्री मुक्काम, रिपोर्टमध्ये लिहा ‘पर्यटनात वाढ’. (मोटेलवाल्याने वास येतो म्हणून खोली नाकारली असेल तर तेवढं लिहू नका.)

बोर्ड हायवेवर लावा, मोठ्ठा. चालणारे जंगलातून येतात, त्यांना तो दिसणार नाही, पण बोर्ड त्यांच्यासाठी आहे असं म्हणालं कोण?

आणि शेवटचं, सुशोभीकरण. मेन रोडच्या खांबांवर ते पांढरे उभे पट्टे असतात ना, ट्रेलची खूण, फार विचित्र दिसतात, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सगळ्या खांबांना मस्त हिरवा रंग मारून घ्या. हायकर तुमच्या गावात आणखी दोन-चार तास तरी हमखास फिरत राहतील.