थंड हवेच्या बेळगावात टेनिसची लीग कशी शोधावी

बेळगाव हा थंड हवेचा प्रदेश आहे, ही गोष्ट आपण सर्वप्रथम मनाशी पक्की करावी. पुढच्या साऱ्या सबबी तिच्यावरच उभ्या राहणार आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंची आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे १४ अंशांच्या आसपास घुटमळणारा पारा, एवढे भांडवल टिळकवाडीतल्या मध्यमवयीन गृहस्थाला कानटोपी, मफलर आणि स्वेटर चढवून गॅलरीत चहा घेत उभे राहायला पुरेसे होते. अशा हवेत हौशी टेनिसची लीग सापडणे कठीणच, असे आपण चारचौघांत म्हणालात तर कोणीही हरकत घेणार नाही. घेतलीच तर ती अमेरिकेत मिनेसोटाला नोकरी करणारा आपला भाचा घेईल, तेव्हा त्याला गप्प कसे करायचे ते आधी पाहून ठेवावे.

या भाच्याच्या गावी जानेवारीत भर दुपारीसुद्धा पारा बहुधा शून्याच्या खालीच असतो आणि तळी अशी गोठतात की लोक त्यांवर मोटारी नेऊन, बर्फाला भोके पाडून मासे धरत बसतात. एवढे असूनही तो हिवाळाभर दर आठवड्याला लीगचा सामना खेळतो आणि वर त्याचे फोटो पाठवतो. तिकडच्या राष्ट्रीय टेनिस संघटनेने १९८० साली हौशी लोकांसाठी ही लीग सुरू केली. तिच्यात खेळाडूंची प्रतवारी दीडपासून सातपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या अंकाने केलेली असते. नव्या माणसाने आपली प्रत आपणच सांगायची, मग निकाल पाहून संगणक ती वरखाली करतो. अठरा, चाळीस आणि पंचावन्न वर्षांवरील खेळाडूंचे गट वेगळे. संघाला कॅप्टन असतो आणि तो माणसे कमी पडली की अनोळखी माणसालाही फोन करतो. बंदिस्त कोर्टे मोजकी, किंवा उघड्या कोर्टावर हवा भरून फुगवलेला तंबू, त्यामुळे सामना रात्री दहाला सुरू झाला तरी कोणी कुरकुर करीत नाही. कोर्टाची वेळ संपत येते म्हणून तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, म्हणजे छोटा निर्णायक डाव, खेळून मंडळी बाहेर पडतात आणि मोटारीवरचा बर्फ खरवडून घरी जातात. भाच्याने हे सगळे उत्साहाने सांगून संपवले की आपण शांतपणे एवढेच म्हणावे, “तुमच्याकडं सोयी हाईत की रे.” या वाक्याला अद्याप कोणत्याही भाच्याला उत्तर सापडलेले नाही.

प्रतवारीच्या बाबतीत मात्र तिकडच्यांनी उगाच डोके शिणवले आहे, हे मान्य करावे लागेल. तिकडे म्हणे काही लबाड लोक मुद्दाम वाईट खेळून खालच्या प्रतीत राहतात, म्हणजे दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवर विजय मिळवता येतो. आणि अशांना शोधून बाद करण्यासाठी संगणकाला राबावे लागते. आपल्याकडे हा प्रश्न उद्भवणे शक्य नाही. आपल्या भागात आपली लायकी कमी सांगणारा मनुष्य अजून टेनिस कोर्टापर्यंत पोचलेला नाही. शिवाय आपली स्वतःची प्रतवारी आधीपासून अस्तित्वात असून तिला संगणकाची गरज पडत नाही. ती हुद्द्यावर चालते. सर्वांत वर बदलून आलेले साहेब, त्यांच्या खाली निवृत्त झालेले साहेब, मग डॉक्टर व वकील, मग कंत्राटदार, आणि सर्वांत खाली ज्याला खरोखर खेळता येते तो. हा शेवटचा मनुष्य नेहमी साहेबांचा जोडीदार असतो आणि त्याचे काम साहेबांच्या डोक्यावरून गेलेला प्रत्येक उंच चेंडू, म्हणजे लॉब, धावत जाऊन परतवणे व नंतर “काय लॉब सोडलात सर!” असे म्हणणे, एवढेच असते. आपण जर कोर्टावर लक्षपूर्वक पाहिलेत, तर चुन्याच्या रेघेबाहेर वीतभर पडलेला साहेबांचा चेंडू सर्वांना स्पष्ट दिसतो. लाल मातीत त्याचा गोल ठसाही उमटलेला असतो. त्यावर क्षणभर कोणी बोलत नाही. मग जुना मार्कर, म्हणजे कोर्टाची देखभाल करणारा क्लबाचा नोकर, सावकाश पुढे येतो, जणू रेघच साफ करायची आहे अशा थाटात चपलेने तो ठसा पुसतो आणि म्हणतो, “लाइनवर हाय सर.” इतकी पक्की व्यवस्था असताना दीड, दोन, अडीच असल्या अपूर्णांकांत कोण पडेल?

लीग शोधायचीच तर कोणत्या महिन्यात शोधावी, हा पुढचा प्रश्न येतो. पावसाळा सोडून द्यावा, कारण जूनमध्ये खानापूरच्या बाजूने ढग आले की मातीचे कोर्ट सप्टेंबरपर्यंत भाताच्या रोपांना योग्य राहते. नंतर गणपती, नवरात्र, दिवाळी. १ नोव्हेंबरला शहराचा एक भाग कर्नाटकाच्या राज्योत्सवात आणि दुसरा त्याच्या निषेधार्थ काळ्या दिवसाच्या फेरीत असतो, आणि त्या दिवशी दुहेरीची जोडी कोणाशी जमवावी हा फारच नाजूक विषय आहे. डिसेंबर हा खेळासाठी उत्तम महिना होय, पण तेव्हा विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बंगळूरहून उठून सुवर्ण विधानसौधात येते. त्यामुळे खेळणारे निम्मे साहेब बंदोबस्ताला आणि उरलेले निम्मे आलेल्या मोठ्या साहेबांच्या दिमतीला लागतात. जानेवारीत थंडी असते, जिचा उल्लेख वर आलाच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात आणि मुलगा अभ्यासाला बसला असताना बापाने रॅकेट घेऊन घराबाहेर पडण्याइतके धैर्य या जिल्ह्यात कोणाकडे नाही. एप्रिल-मे लग्ने आणि गावोगावच्या यात्रा. एकंदरीत वर्षातला योग्य काळ म्हणजे दिवाळीनंतरचे काही दिवस. त्या दिवसांत कोर्टाची डागडुजी चालू असते.

आता पावसाचा जो अडसर आहे, तो दूर करण्यासाठी छप्पर हवे, हे ओघानेच आले. याबाबत घाई करू नये. विम्बल्डनची स्पर्धा १८७७ मध्ये सुरू झाली आणि तिथल्या सेंटर कोर्टावर सरकते छप्पर बसायला २००९ साल उजाडले. इंग्लंडच्या पावसात त्यांनी १३२ वर्षे कळ काढली, मग आपल्या कमिटीने गेल्या सभेत हा विषय पुढे ढकलला तर तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु माझ्याकडे एक योजना आहे आणि ती मी आपल्याला विनामूल्य देत आहे. आपल्या शहरात मंगल कार्यालयांना तोटा नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू होतो आणि कार्तिकात तुळशीचे लग्न लागेपर्यंत या कार्यालयांत फारसे कोणी फिरकत नाही. नेमका हाच काळ पावसाचाही आहे. म्हणजे जेव्हा कोर्ट नाही तेव्हा कार्यालय रिकामे, आणि कार्यालय भरते तेव्हा कोर्ट कोरडे! पंचांगकर्त्यांनी टेनिसचा इतका बारकाईने विचार केला असेल असे कोणाला वाटले होते? अडचणी किरकोळ आहेत. दुहेरीचे कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि १०.९७ मीटर रुंद असते, शिवाय मागे धावायला दोन्ही बाजूंना सहा-सात मीटर जागा लागते. ती व्यासपीठ पाडून मिळेल. जाळ्याच्या वर सुमारे ९ मीटर मोकळी उंची असावी, असा संकेत आहे; कार्यालयात तिथे पंखे आणि झुंबर असतात, म्हणून लॉब मारणाऱ्यास दंड ठेवावा, जेणेकरून साहेबांचा जोडीदारही थोडी विश्रांती घेईल. गुळगुळीत फरशीवर चेंडू सरपटत जातो, पण आपल्या मंडळींचा बॅकहँड पाहता त्याने फारसा फरक पडणार नाही. मधल्या सुट्टीची सोय उत्तम, कारण पंगतीच्या खोलीत पाणी आणि गॅस दोन्ही असतात. मालकाला भाडे हवे असेल तर त्याला अंतिम सामन्याच्या वेळी प्रमुख पाहुणा करावे. निपाणीच्या बाजूला तंबाखूच्या जुन्या वखारीही उंच छपराच्या आहेत, तथापि सर्व्हिस करताना समोरच्याला शिंका येणे हा गुण धरायचा की चूक, याविषयी नियमांत स्पष्टता नाही.

छप्पर मिळाले की चेंडू आणायला जावे. खडे बाजारात क्रीडासाहित्याच्या कोणत्याही दुकानात टेनिस बॉल मागितलात की दुकानदार तत्परतेने विचारील, “हेवी देऊ काय लाइट? कुठल्या ग्राउंडवर हाय मॅच?” आपण नम्रपणे सांगावे की चेंडू टेनिससाठी हवा आहे. तो क्षणभर आपल्याकडे पाहील, कारण टेनिस बॉल हे क्रिकेटचे साधन आहे, ही गोष्ट या सीमाभागात पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्याच्यावर रागावू नये. गल्लीगल्लीतल्या टेनिस बॉल क्रिकेटला रात्रीचे दिवे आहेत, लिलाव आहेत, संघमालक आहेत, मराठी-कन्नड मिश्रित धावते वर्णन आहे, आणि सामने तर ठरलेल्या दिवशी खरोखर होतात. या एका गोष्टीमुळे तो खेळ आपल्या विचारार्थ येऊ शकत नाही.

खरा टेनिसचा चेंडू हवाबंद डब्यातून मिळतो आणि थंडीत त्याच्या आतल्या हवेचा दाब उतरतो, म्हणून तो कमी उसळतो. ही शास्त्रीय गोष्ट आपण पाठच करून ठेवावी. आंतरराष्ट्रीय नियमानुसार २५४ सेंटिमीटर उंचीवरून सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. आपल्या क्लबातला चेंडू गेल्या दिवाळीत डब्यातून निघालेला असल्यामुळे तो गुडघ्यापर्यंत येतो, आणि मेमध्येही तिथपर्यंतच येतो. पण हरल्यावर आपण बेळगावच्या थंडीचाच दाखला द्यावा. मिनेसोटाचे लोक सामन्याला नवा डबा फोडतात, हा त्यांच्या उधळेपणाचा आणखी एक पुरावा.

लीगला कोणाची मान्यता घ्यावी, यावर मात्र जपून बोलावे. राज्य संघटना बंगळूरला, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरवर. आणि ११० किलोमीटरवरच्या कोल्हापुरात उत्साही गडी सापडतील, पण ते दुसऱ्या राज्याच्या संघटनेखाली येतात. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यात आपल्या मिश्र दुहेरीची भर नको. फलक मात्र करून घ्यावा लागेल. त्यावर नियमाप्रमाणे ६० टक्के जागा कन्नडला देऊन उरलेल्या जागेत मराठी मजकूर, अध्यक्षांचे छायाचित्र, उपाध्यक्षांची छायाचित्रे, पुरस्कर्त्या पतसंस्थेचे बोधचिन्ह आणि दानशूर कुंदा विक्रेत्याचे नाव बसवावे. टेनिस हा शब्द बसला नाही तरी चालतो.

यावरून आपल्या लक्षात आले असेल की लीगसाठी जे जे लागते ते सर्व आपल्याकडे आहे. अध्यक्ष आहेत, चिटणीस आहेत, शाल आणि श्रीफळ आहेत, उद्‌घाटनाला फेटे बांधणारा माणूस ठरलेला आहे, आणि चषक तर इतका मोठा आहे की तो उचलायला दोघे लागतात, म्हणून स्पर्धा दुहेरीची ठेवली आहे. फक्त कोणी कोणाशी, कोणत्या दिवशी, किती वाजता खेळायचे याचा कागद तेवढा नाही. तो कागद भाच्याच्या गावी कॅप्टन नावाचा एक बिनपगारी मनुष्य दर आठवड्याला बसून तयार करतो. त्याला कोणी शाल घालत नाही, आणि माणूस आला नाही तर तो स्वतः खेळतो. असे पद आपण आपल्या सर्वसाधारण सभेत सुचवून पाहावे. अनुमोदक मिळणार नाही.

तरीही कोणाला खेळायचेच असेल, तर मार्ग एक आहे. पहाटे सहाला कोर्टाकडे जावे. तिथे चार निवृत्त गृहस्थ थंडीत, कानटोप्या न काढता, फलक आणि कमिटी यांच्याशिवाय रोज दुहेरी खेळत असतात. एक माजी हेडमास्तर, एक बँकेतले, एक फौजेतले सुभेदार आणि एक कोण आहे हे त्यांनाही आता आठवत नाही. ते आपल्याला लीगविषयी काहीही सांगू शकणार नाहीत. आपण बाकावर बसावे, रॅकेट दिसेल अशी पण खटकणार नाही अशी टेकवून ठेवावी, बाहेर गेलेले चेंडू आणून द्यावेत आणि “काका, गुडघा कसा आहे?” अशी चौकशी करीत राहावे. हेडमास्तरांचा उजवा गुडघा गेल्या पावसाळ्यापासून कुरकुरतो आहे आणि सुभेदारांना मुलाने पुण्याला राहायला बोलावले आहे, तेव्हा जागा आज ना उद्या निघणारच. मात्र चौकशी करताना चेहऱ्यावर आशा दिसू देऊ नये.