ओळख बघू कोण?

फोनवर स्वतःचं नाव सांगायची आमच्या गावात पद्धत नाही. नाव सांगावं लागलं म्हणजे मैत्रीत काहीतरी कमी पडलं, असा तिथला हिशोब. फोन उचलला की पलीकडून आधी नुसतं हसू ऐकू येतं. मग "बोल की!" असा हुकूम होतो. वास्तविक फोन त्यानं केलेला असतो, त्यामुळं बोलायचं त्यानं. पण तो गप्प बसतो, आणि आपण पुरेसे कासावीस झालोय अशी खात्री पटल्यावर विचारतो, "ओळख बघू कोण बोलतोय?"

"नाही ओळखलं" हे उत्तर या परीक्षेत धरत नाहीत. ते दिलं की "मोठा झालास लगा तू!" हा निकाल जागेवर लागतो आणि यात्रेपर्यंत घरोघरी पोचतो. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, एका कचेरीत आवक-जावक बघतो. गाव इथून तासा-दीड तासावर. एवढ्या अंतरात आणि एवढ्या पगारात माणूस मोठा होऊन होऊन किती होणार? पण हे गावाला पटत नाही.

गाव खानापूर तालुक्यातलं, विट्याच्या पुढं घाटमाथ्यावर. आमच्याकडं आभाळाचा भरवसा कधीच नव्हता, त्यामुळं मिसरूड फुटलं की पोरगं गलाईला जायचं. सराफाकडची जुनी मोड, दुकानातला झाडून काढलेला कचरासुद्धा मुशीत आटवायचा, तेजाबात टाकायचा आणि त्यातून शुद्ध सोनं-चांदी वेगळी करून द्यायची, हा तो धंदा. खानापूर-आटपाडीकडची माणसं या धंद्याच्या मागं देशभर पसरली. कुठल्याही शहरातल्या सराफ बाजारात जा, मागच्या बोळात धूर दिसला की "कुठलं पाव्हणं?" असं मराठीतच विचारायचं, उत्तर येतं. माझ्या वर्गातलेही निम्मेअधिक असेच पांगले. कोण त्रिशूरला, कोण कोइमतूरला, कोण अमृतसरला, दोघं पाटण्याला. गावाजवळ राहिलेला, म्हणजे सगळ्यांनी फोन करावा असा, मी.

सुरुवातीचा काळ खरं तर सोपा होता. फोनवर नंबर दाखवणारं डबडं मी लवकर बसवून घेतलं होतं. ०४८७ दिसला की त्रिशूर, ०४२२ म्हणजे कोइमतूर, ०१८३ अमृतसर, ०६१२ पाटणा. रिसीव्हर उचलायच्या आत उत्तर तयार. रात्री एसटीडीचा दर उतरला की फोन वाजायचा आणि मी हॅलोच्या जागी सरळ नावच घ्यायचो. "आयला, वळखलं की यानं!" असं पलीकडं बूथमध्ये उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाला तरी तो कौतुकानं सांगायचा. त्या काळात माझी गावातली इज्जत सरपंचाच्या खालोखाल होती.

मग मोबाइल आले. २००३ पर्यंत आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, त्यामुळं परीक्षेची फी मलाच भरावी लागे, पण निदान पेपर फुटलेला असायचा. रोमिंग परवडत नसल्यामुळं जो तो गेला तिथलं कार्ड घ्यायचा. ९४४७ म्हणजे केरळ, ९४४३ तमिळनाडू, ९४१७ पंजाब, ९४३१ बिहार. ही आकडेवारी मला अजून पाठ आहे. अडीचकीचा पाढा विसरलो, पण ही नाही.

आणि मग जुलै २०१५ मध्ये सरकारनं देशभर कुठंही गेलं तरी नंबर तोच ठेवायची मुभा दिली. पेपरांत कौतुक छापून आलं, ग्राहकांची मोठी सोय झाली म्हणून. कुणाची झाली असेल ती असो. त्रिशूरचा गडी त्रिशूरचाच नंबर घेऊन लुधियानाला जाऊन बसला आणि मी त्याला "काय म्हणतंय केरळ?" विचारून अख्ख्या पंजाबात हसं करून घेतलं.

तेव्हापासून मी हवामानावर आहे. "पाऊस आहे का तिकडं?" हा प्रश्न वरवर साधा दिसतो, पण विचारायच्या आधी मी कॅलेंडर बघून घेतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात "लई झोडपतोय" म्हणाला तर केरळ, कारण आपल्याकडं तेव्हा ढगसुद्धा चौकशी करून परत जातात. नोव्हेंबरात पाऊस सांगितला तर तमिळनाडू, त्यांचा खरा पाऊस दिवाळीच्या पुढं-मागं. जानेवारीत "धुक्यानं समोरचं दिसंना" म्हणाला की उत्तरेचा, मग पंजाब का बिहार एवढंच काढायचं राहतं. ते जेवणावरून निघतं. एप्रिल-मे मात्र वाईट. सगळीकडं उकडतं.

हवामानशास्त्राचा एकच तोटा, तिकडूनही उलटे प्रश्न येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा माझा फोन तापून हातात धरवेना. धोक्याची पातळी ४५ फूट, हे मला अमृतसरहून कळलं. कोयनेतून किती क्युसेक सोडलंय हे कोइमतूरच्या गड्याला माझ्या आधी ठाऊक. आमच्या गल्लीत पाणी आलेलं नव्हतं, हे ऐकून दोघंतिघं चक्क हिरमुसले. तेव्हापासून दर पावसाळ्यात "आयर्विन किती?" म्हणून विचारणा होते. ज्यांचं गाव पावसाच्या थेंबासाठी देव पाण्यात बुडवून बसायचं, ती माणसं कृष्णेच्या इंच-इंचाचा हिशोब मागतात, आणि मी गच्चीवर न जाताही "वाढतंय हळूहळू" असं गंभीरपणे सांगतो. पुरात एवढं मात्र बरं, कुणी "ओळख बघू" म्हणत नाही. सरळ फुटांवर येतात.

आता तुम्ही म्हणाल, एकदा फोन आला की नंबर साठवून का ठेवत नाही? ठेवतो की. कुठल्या नावानं ठेवू? आमच्याकडं सातबाऱ्यावरचं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं. हाक मारायची नावं अशी की फोन टेबलावर ठेवायची सोय नाही. साहेबांसमोर चर्चा चाललेली असताना पडद्यावर मोठ्या अक्षरात "रेडकू" उगवतं. शिवाय आमच्या वर्गात पप्या तीन, बाळ्या चार. म्हणून "बाळ्या चष्मा", "बाळ्या विहिरीवरचा", "बाळ्या पाटणा" असं लिहून ठेवलं. त्यातल्या पाटण्याच्या बाळ्यानं पाटणा सोडलं, चष्म्याच्या बाळ्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चष्मा लागेना आणि विहीर पडली. नाव दाखवणारं ॲपही घेऊन बघितलं. त्यात नाव आलं "दाजी नवीन नंबर". कुणाचे दाजी, हे ॲपला ठाऊक नाही.

याच्या उलटा पेच लग्नपत्रिकेचा. तिच्यात सगळे खऱ्या नावानं अवतरतात. पत्रिका मोबाइलवर येते, खाली "आग्रहाचे निमंत्रण" म्हणून भारदस्त नाव, पुढं आप्पासाहेब वगैरे, आणि मी बायकोला विचारतो, हे कोण? ती म्हणते, तुमचा वर्ग, तुमचं गाव, मला काय विचारता? मांडवात जाऊन बघतो तर रेडकू, फेटा बांधून.

दहावीच्या बॅचचा ग्रुप आहे. त्यात सकाळी फुलं आणि रात्री वर्गणीची आठवण येते. ओळखीसाठी त्याचा उपयोग शून्य, कारण फोटोच्या जागी सगळ्यांनी देव किंवा बैल लावलेत.

आणि आता टेंभूचं पाणी आलंय. कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढत आमच्या माळाला लागलं. मोठा आनंद झाला, पेढे खाल्ले, सगळं खरं. पण पाण्यामागोमाग माझे काही गलाईवालेही माघारी आले. ज्यांनी जन्मभर मुशीपुढं बसून डोळे लाल केले ते आता डाळिंबाच्या बागेत टोपी घालून फिरतात आणि तिथून फोन करतात. माझं सगळं हवामानशास्त्र एका पाटानं वाहून नेलं.

परवाचाच फोन घ्या. हसू, मग "बोल की!", मग प्रश्न. मी सवयीनं विचारलं, "पाऊस आहे का तिकडं?"

"पावसाचं काय घिऊन बसलास? आवर्तन सुरू हाय की."

आवर्तन म्हणजे पाटाला पाणी सोडायची पाळी, म्हणजे गावात. पण गावात आता निदान आठजण. मी आवाज ऐकत राहिलो, आवाज सगळ्यांचे सारखेच झालेत, तंबाखूनं. मग घरची सगळी कशी आहेत ते विचारलं. "बरी हायती." थोरला काय करतो? "तुला म्हाईत नाही व्हय?" मी घाईनं म्हणालो, माहीत आहे, पण अजून तेच करतो का? "त्येच की." एवढ्यावर पंधरा मिनिटं आम्ही अतिशय जिव्हाळ्यानं बोललो. शाळेमागची चिंच, मास्तरांची सायकल, कुणी कुणाला पाडलं ते. आठवणींवरून माणूस काढता येत नाही, त्या सगळ्यांच्या त्याच आहेत. शेवटी तो म्हणाला, "रविवारी मार्केट यार्डात माल घिऊन येतूय. तुझ्याकडं जेवायलाच येतो." मी म्हणालो, वा, ये की, हे काय विचारणं झालं!

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "कोण येतंय?"

"मित्र."

"ते कळलं. खाणारा आहे का माळकरी?"

गावातल्या आठांपैकी तिघांनी माळ घातलीय. हे मी तिला सांगितलं. त्यावर तिनं काही न बोलता भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. रविवारी एकादशी निघाली. माळकरी असला तर त्याचा उपास, नसला तर त्याला मटणच पाहिजे आणि एकादशीला या घरात मटण शिजणार नाही, असं तीन वाक्यांत तिनं मला समजावलं. तेव्हा शनिवारी रात्री साबुदाणा भिजत घालायचा आणि कोपऱ्यावरच्या खानावळीत एक मटण ताट सांगून ठेवायचं, असं ठरलंय. खानावळवाला नाव विचारत होता, पार्सल कुणाच्या नावानं लिहू. माझंच लिही म्हटलं.